लग्नाचे दात

बरकतपुरा, हैदराबाद
मंगळवार, सकाळी चहा झाल्यावर

ती. जयवंताअक्कास,

धाकट्या विठ्ठलचा दोन्ही हात जोडून आणि गुडघे परवानगी देतील तितकं वाकून नमस्कार. इकडे मी बरा आहे. तू आणि दाजी उदगीरला कसे आहात? दाजींचा खोकला गेला का? (गेला नसेल तर त्यांना म्हणावं, रात्रीचं दही सोडा. सांगून काही उपयोग होणार नाही हे मलाही ठाऊक आहे, पण पत्रात एक तरी सल्ला असावा अशी आपल्या घरची रीत आहे.) तुझ्या कानातलं यंत्र अजून शिट्टी वाजवतं का? मागे तू म्हणाली होतीस की ते घातलं की नको ते ऐकू येतं आणि काढलं की हवं ते येत नाही. माझं विचारशील तर माझ्या आजूबाजूच्या बऱ्याच माणसांचं यंत्राशिवाय तसंच चाललंय.

पत्र का लिहितोय, असं तू दाजींना विचारशील. त्याचं कारण असं, की फोनवर मी तुला म्हणालो, "अक्का, लग्न ठरलं." तू विचारलंस, "कुणाचं?" मी म्हणालो, "माझं." त्यावर तू "बरं" म्हणालीस आणि फोन ठेवलास. त्या "बरं"चा अर्थ मी तेव्हापासून लावत बसलो आहे. त्यानंतर कधीही फोन केला की दाजी उचलतात, आणि तू पूजेला बसलेली असतेस. सकाळी पूजा, दुपारी पूजा, संध्याकाळी पूजा. अक्का, इतका वेळ पुरतील एवढे देव आपल्या घरात कधीच नव्हते. म्हणून पत्र. पत्राला मध्येच "बरं" म्हणून ठेवून देता येत नाही, निदान पाठवणाऱ्याला तसं ऐकू तरी येत नाही. तेव्हा तू निश्चिंत मनानं वाच. लग्नाबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही. फक्त दातांबद्दल लिहिणार आहे.

दातांबद्दल तुलाच का, तर माझी पहिली दंतवैद्य तूच. गौलीगुड्याच्या घरात नळाशेजारी बसवून बोटानं राखुंडी लावायला तूच शिकवलंस. (अण्णांच्या हातची ती काळी राखुंडी. बदामाची टरफलं जाळून, त्यात मीठ आणि थोडी तुरटी घालून ते ती वस्त्रगाळ करायचे. कचेरीला जाताना त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर रोज एक काळा ठिपका असायचाच. आजकालच्या पेस्टला पुदिन्याचा वास येतो आणि दात घासतोय की चटणी खातोय कळत नाही.) माझा पहिला दुधाचा दात हलायला लागला तेव्हा तू त्याला आईच्या शिवणाचा दोरा बांधलास, दोऱ्याचं दुसरं टोक स्वयंपाकघराच्या कडीला, आणि मला म्हणालीस, "तिकडं बघ, हत्ती आला." मी हत्ती बघायला वळलो आणि तू दार लोटलंस. हत्ती काही आला नव्हता. तो दात तू मला उंदराच्या बिळात टाकायला लावलास, म्हणजे उंदरासारखे दात येतात म्हणून. अक्का, तेवढा तुझा शब्द मात्र खरा झाला. अगदी हुबेहूब उंदरासारखेच आले. पुढचे दोन आडदांड, त्यातला एक दुसऱ्याच्या अंगावर रेललेला.

पुढचं तुला माहीत आहे. सुलतान बाजारच्या फोटो स्टुडिओत आपण सगळे सणाचे कपडे घालून जायचो. तो म्हातारा फोटोग्राफर काळ्या कापडाखालून ओरडायचा, "हंसो मियाँ, हंसो!" आणि त्याच वेळी तू मागून माझ्या पाठीला चिमटा काढून पुटपुटायचीस, "विठू, तोंड मीट." मी तोंड मिटायचो. मुंजीत मिटलं, शाळेच्या ग्रुपफोटोत मिटलं. पुढे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला लागलो तर मुलं मला फार कडक मास्तर समजायची, ते मला सोयीचंच होतं. गैरसोय झाली ती फक्त मुली बघायला जायच्या वेळी. तू काय कमी खटपट केलीस? परभणी, नांदेड, गुलबर्गा, जिथं म्हणून आपल्यातलं एखादं घर होतं तिथं तू मला घेऊन गेलीस, आणि मी प्रत्येक ठिकाणी ओठ घट्ट मिटून, पोहे न चावता गिळून परत आलो. नांदेडच्या त्या लोकांनी तर नंतर निरोप पाठवला होता ना, की स्थळ उत्तम आहे, फक्त मुलगा बोलतो का तेवढं कळवा. तू तेव्हा किती चिडली होतीस! सबंध बसप्रवासात माझ्याशी एक शब्द बोलली नव्हतीस. (म्हणजे त्या दिवशी आपण दोघंही मुके होतो.)

असे हे दात मी साठी उलटेपर्यंत निभावून नेले. त्यांनीही मला निभावलं. आणि मग यंदा श्रावणात एका संध्याकाळी त्यांनी दगा दिला, तोही विद्यानगरला, प्रमिलेच्या घरी.

(प्रमिला म्हणजे कोण हे तुला सांगायला नको. आपल्या समोरच्या घरातल्या वकिलांची मुलगी. लग्न होऊन गुलबर्ग्याला गेली, नवरा लवकर गेला, मग मुलीला घेऊन परत हैदराबादला आली आणि शाळेत शिकवून निवृत्त झाली. मराठी ग्रंथालयात दोघांनी एकाच पुस्तकाला हात घातला, तिनं मला ओळखलं, मी तिला ओळखलं नाही आणि ते पुस्तक मी आधी नेलं. तिथून पुढचं सगळं लग्नाबद्दल होईल, म्हणून ते सोडतो.)

तर त्या संध्याकाळी तिची मुलगी अश्विनी घरी होती. ही गच्चीबावलीला कुठल्याशा कंपनीत नोकरी करते, एका वाक्यात चार भाषा बोलते आणि मराठी पाटी अक्षर लावून लावून वाचते. पण मनानं सोन्यासारखी. आम्ही दोघं आयुष्यभर जे बोललो नसतो ते त्या पोरीनं बशीत सकिनालु ठेवता ठेवता बोलून टाकलं. (सकिनालु म्हणजे तांदळाच्या पिठाचं आपल्या चकलीसारखं गोल कडं. इथले लोक संक्रांतीला करतात, शेजारच्या तेलुगू बाईंनी हौसेनं श्रावणात केले होते. चवीला छान, कडकपणात पोलादाच्या जवळपास.) ती म्हणाली, "काका, तुम्ही दोघं रोज फोनवर तासभर बोलता. मग एकाच घरात राहून बोला ना. लग्न करा." प्रमिला खाली बघायला लागली. आणि नेमकं त्याच क्षणी मी सकिनालुचा तुकडा चावला.

आधी मला वाटलं सकिनालु मोडला. मग जिभेला कळलं की मोडलंय ते दुसरंच. तो रेललेला दात, इतकी वर्षं शेजाऱ्याच्या आधारानं उभा असलेला, तोंडात सुटा फिरत होता. आता तूच सांग. समोर प्रमिला, बाजूला तिची मुलगी, प्रश्न असा विचारलेला, आणि तोंडात दात. थुंकता येईना, गिळता येईना. मी तोंड घट्ट मिटून बसलो. बराच वेळ गेला. प्रमिलेचा चेहरा हळूहळू उतरायला लागला. अश्विनी म्हणाली, "काका, इष्ट नसेल तर सांगा, कुणी रागावणार नाही." मी जोरजोरात मान हलवली. ती नाही म्हणून हलवली की हो म्हणून, हे त्यांना कळेना. शेवटी मी सगळा जीव एकवटून म्हणालो, "हूंऽ." एवढंच. आमचा वाङ्‌निश्चय त्या एका हुंकारावर झाला. अश्विनीनं टाळ्या वाजवल्या, प्रमिलेनं पदरानं डोळे पुसले आणि मी रुमालात दात लपवला. घरी जाईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. प्रमिलेला वाटलं, मला गहिवरून आलंय. (आलंही होतं. पण नुसत्या गहिवरानं कुणी जिन्यात रक्त थुंकत नाही.)

दुसऱ्या दिवशी मी खरं काय ते सांगितलं. प्रमिला हसून हसून खुर्चीत आडवी झाली. अश्विनीनं मात्र ते फार गंभीरपणे घेतलं. तिच्या मते लग्नात फोटो असतात, फोटोत हसू असतं आणि हसण्यात दात असतात. तिनं फोनवर खटाखट बोटं फिरवून हिमायतनगरच्या एका दवाखान्यात माझं नाव घातलं. तिथं लग्न ठरलेल्यांसाठी खास उपचार करतात, त्याला 'स्माइल डिझाइन' म्हणतात. तिथल्या भिंतींवर नवरा-नवरींचे मोठमोठे फोटो लावलेले, आणि अक्का, त्या सगळ्यांचे दात एकाच आईच्या पोटचे असावेत इतके सारखे. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "ब्राइड कौन है?" अश्विनी म्हणाली, "ब्राइड नहीं, ग्रूम है," आणि माझ्याकडे बोट केलं. ती मुलगी माझ्या खांद्यावरून वाकून मागच्या दाराकडे बघत राहिली. तिला वाटलं, मुलगा गाडी लावून येतोय.

डॉक्टर निघाल्या प्रियदर्शिनी नावाच्या. वयानं लहान, हात हलका, बोलणं तेलुगू आणि हिंदी अर्धं अर्धं. त्यांनी माझं तोंड उघडून आरशानं, सळईनं तपासलं आणि अश्विनीला बाजूला घेऊन दुःखद वार्ता सांगावी तसं सांगितलं, की खालचे दात ठणठणीत आहेत, पण वरच्या हिरड्यांनी दात केव्हाच सोडून दिले आहेत. वरचे सगळे काढावे लागतील. मग हिरड्या भरून आल्या की वरची कवळी. अश्विनीचा चेहरा एवढासा झाला. मी मात्र खूश. त्या दातांनी मला कोण सुख दिलं होतं? थोडे थोडे करून सगळे काढून टाकले. दोरा नाही, कडी नाही, हत्तीसुद्धा नाही.

पण मधले दिवस काही विचारू नकोस. तात्पुरती म्हणून एक कवळी दिली होती, ती पहिल्याच शिंकेला सांबारात पडली. तेव्हापासून मी ती ठेवून दिली आणि करोनाच्या वेळचे उरलेले मास्क काढले. मी मास्क लावून फिरतो म्हटल्यावर मला काहीतरी मोठं दुखणं झालंय अशी बातमी सगळ्या बिल्डिंगमध्ये पसरली. समोरच्या गिरीशची बायको मनीषा रोज मऊ भात आणि मुगाचं कढण आणून द्यायला लागली. मी खरं सांगायचा प्रयत्न केला, पण दाताशिवाय 'दात' हा शब्द म्हणता येत नाही, अक्का. 'आऽ' एवढाच निघतो. तिला वाटलं कळ आली. तिनं कढणात तूप वाढवलं.

आणि लग्नाची नोटीस द्यायला गेलो तो दिवस! (हे लग्नाबद्दल नाही, उच्चाराबद्दल आहे.) कचेरीतल्या गृहस्थांनी विचारलं, "वालिद का नाम?" मी म्हणालो, "दत्तात्रय." म्हणजे मी तसं म्हणालो. बाहेर पडलं ते "हह्‌हायत". तो भला माणूस एकदम उठून उभा राहिला. "हयात हैं? माशाल्ला! क्या उमर है अब्बा की?" आजूबाजूचे दोघंतिघं कौतुकानं बघायला लागले. मी मान हलवतोय, हात हलवतोय, वर बोट दाखवतोय. तो म्हणतो, "हौ हौ, उपर वाले की मेहेरबानी." अण्णांना जाऊन इतकी वर्षं झाली आणि त्या दिवशी दहा मिनिटं ते सरकारी कचेरीत हयात होते. प्रमिला माझ्या मागे उभी राहून पदर तोंडात कोंबून हसत होती. शेवटी तिनंच नाव सांगितलं. बाहेर आल्यावर मात्र ती म्हणाली, "अण्णा खरंच असते तर काय म्हणाले असते हो?" मी काही बोललो नाही. (बोलता येतच नव्हतं.) पण घरी येईपर्यंत मला त्यांच्या कॉलरवरचा तो काळा ठिपका दिसत होता.

हिरड्या भरून आल्या तेव्हा डॉक्टरबाईंनी संगणकावर माझा फोटो घेतला आणि त्यावर दात चढवून दाखवले. माझ्याच चेहऱ्यावर कुणा भलत्याचं हसू. निवडणुकीच्या फलकावर हात जोडून उभा असलेला उमेदवार असतो ना, तसा मी दिसत होतो. रंग निवडायला त्यांनी दातांची एक पट्टी आणली, पेटीच्या पट्ट्यांसारखी, पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत. अश्विनीनं सगळ्यात पांढऱ्यावर बोट ठेवलं. डॉक्टर म्हणाल्या, सरांच्या वयाला थोडा पिवळटच शोभेल. दोघींची बरीच घासाघीस होऊन मधला ठरला. मला कुणी विचारलं नाही, आणि ते बरंच झालं. मग डॉक्टरबाईंनी विचारलं, सरांचा हसतानाचा एखादा जुना फोटो आहे का? असला तर दात तसे लावता येतात, चेहरा आपलाच वाटतो.

मी घरी जाऊन ट्रंक उघडली. सगळे फोटो पलंगावर मांडले. मुंज, शाळा, पदवीदान, तुझ्या मुलांची बारशी, आईची पंचाहत्तरी, माझा निरोपसमारंभ. अश्विनी एकेक उचलून बघत होती. शेवटी म्हणाली, "काका, तुम्ही सगळीकडे कुणावर रागावलाय?" मी म्हणालो (एव्हाना बिनदातांचं बोलणं जमायला लागलं होतं), रागावलो नाही, दात झाकलेत. तिनं फोटो परत ट्रंकेत ठेवायला सुरुवात केली. तेवढ्या सगळ्या वर्षांत माझा हसरा फोटो एकही नाही, अक्का. डॉक्टरबाईंना तसं कळवलं. त्या म्हणाल्या, हरकत नाही, नेहमीचेच छान सरळ लावू.

पक्की कवळी करण्याआधी दात मेणात बसवून तोंडात घालून बघतात. मेण मऊ असतं, त्यामुळे हवं तर दात सरकवता येतात. त्या दिवशी अश्विनीला सुट्टी मिळाली नाही म्हणून प्रमिला बरोबर आली. डॉक्टरबाईंनी ते मेणातले दात माझ्या तोंडात बसवले, खुर्ची तिच्याकडे फिरवली आणि मला म्हणाल्या, "सार, नव्वंडी." म्हणजे हसा. मी हसलो.

प्रमिला बघत राहिली. मला वाटलं आता म्हणेल, छान. ती म्हणाली, "हे कोण?"

डॉक्टरबाई गोंधळल्या. "आवडले नाहीत का, अम्मा?"

"दात चांगले आहेत. पण हे विठ्ठलचे नाहीत," प्रमिला म्हणाली. मग तिनं पर्स खाली ठेवली, चाकांचं स्टूल ओढून माझ्यासमोर बसली आणि तेलुगूत सांगायला लागली. (माझं तेलुगू भाजी घेण्यापुरतं, पण त्या दिवशी मला शब्दन्‌शब्द कळत होता.) पुढचे दोन याहून मोठे होते. डावा उजव्यावर जरा चढलेला. फार नाही. त्याच्या पलीकडचा थोडा आत, दाराआडून बघणाऱ्या पोरासारखा. उजवा सुळा एकदम टोकदार, हसला की आधी तो दिसायचा.

डॉक्टरबाई आधी हसल्या, मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. त्यांनी ते दात काढून घेतले, एक छोटं हत्यार दिव्यावर तापवलं आणि मेणात एकेक दात सरकवू लागल्या. सरकवायचं, माझ्या तोंडात घालायचं, प्रमिलेला विचारायचं, "चालु?" (तेलुगूत म्हणजे पुरे का.) प्रमिला म्हणायची, "इंका कोंचम." अजून थोडा. पुन्हा काढायचं, पुन्हा तापवायचं. "चालु?" "इंका कोंचम." बाहेर पेशंट खोळंबले होते. काउंटरवरची ती मुलगीसुद्धा दारात येऊन उभी राहिली. मी मध्ये तोंड वासून बसलेलो. कुणीतरी माझ्या तोंडातली, मी आयुष्यभर झाकून ठेवलेली वस्तू आठवणीनं जशीच्या तशी परत मांडत होतं.

एकदा प्रमिला म्हणाली, "थांबा." डॉक्टरबाईंनी माझ्या हातात आरसा दिला. अक्का, आरशात विठू होता. केस पांढरे, गाल बसलेले, पण तोच तो उंदीर. मी त्याला इतका उघडपणे कधी पाहिलाच नव्हता.

परतताना ऑटोत बसलो. ऑटोवाल्यानं विचारलं, "क्या साब, दांत का काम? घर में शादी-वादी है क्या?" मी म्हणालो, "हौ." "किसकी?" "मेरी." तो म्हणाला, "मजाक नक्को करो साब," आणि आरशातून प्रमिलेकडे बघितलं. ती लाजली तेव्हा त्याला पटलं. मग त्यानं काचिगुड्यापर्यंत हॉर्नच वाजवला नाही. हैदराबादेत याहून मोठा मान कुणाला मिळत नाही.

मी प्रमिलेला विचारलं, "माझे दात तुला कसे माहीत? मी तर कुणासमोर हसायचो नाही."

"गच्चीवर हसायचात," ती म्हणाली. "संक्रांतीत. पतंग उडवताना एकटेच असायचात ना."

मला आठवलं. सगळ्या गौलीगुड्याच्या गच्च्या भरलेल्या असायच्या, कुणाचा पतंग कटला की चहूकडून 'अफाऽऽ' म्हणून आरोळ्या, आणि मी आपल्या पाण्याच्या टाकीमागे उभा, जिथं कुणी बघत नाही अशी माझी खात्री होती. मी जरा फुशारकीनं म्हणालो, "हो, पतंग बरे काटायचो मी."

"काटत कुठं होतात? रोज तुमचाच कटायचा. मी आमच्या गच्चीत वाळवणाची राखण करत बसलेली असायचे. तिथून तुमचा पतंग दिसायचा नाही, डोक्यावर पत्रा होता. तुम्ही तेवढे दिसायचात. हातातला मांजा एकदम ढिला पडला की कळायचं, कटला, आणि तुम्ही तो जाताना बघत तोंडभरून हसायचात. मला वाटायचं, हरल्यावर असं कोण हसतं?"

बरकतपुरा आला. ती पुढे विद्यानगरला जायची होती. मी उतरलो, मास्क काढला आणि रस्त्यात उभा राहून, दात नसलेल्या तोंडानं, सगळ्या बिल्डिंगदेखत तिच्याकडे बघून हसलो. मनीषा बाल्कनीत होती. त्या दिवसापासून कढण बंद झालं.

आता पक्की कवळी आली आहे. अश्विनी बघून म्हणाली, "अय्यो काका, मुद्दाम वाकडे?" पण मग आईकडे बघून तिनं मला मिठी मारली. 'स' म्हणताना बारीक शिट्टी वाजते, ती जाईल म्हणतात. तर दातांची हकीकत ही अशी. दाजींना माझा नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद. प्रकृतीला जप, आणि माझ्यावरची माया आहे तितकीच राहू दे, वाढवलीस तरी माझी तक्रार नाही.

तुझा
विठू

ता.क. लग्न माघात आहे. कचेरीत सह्या आणि मग काचिगुड्याच्या एका लहानशा हॉलमध्ये जेवण, माणसं मोजकी. माझ्या बाजूनं गिरीश आणि मनीषा उभे राहतील, माझी काही अडचण नाही. अडचण प्रमिलेची आहे. तिच्याकडून अश्विनीशिवाय कुणी नाही. आईवडील गेले, भाऊ नव्हताच, गुलबर्ग्याच्या लोकांना कळवलं तर उत्तर नाही. तिनं हे कधी बोलून दाखवलेलं नाही. तू माझ्यासाठी किती मुली बघितल्यास, आणि तुला न विचारता मीच ठरवून बसलो याचा तुला राग आला, तो मला कळतो. तू माझ्यावर रागावलेलीच राहा, काही हरकत नाही. माझ्याकडून येऊच नकोस. प्रमिलेकडून ये.

दुसरा ता.क. वरचं सगळं प्रमिलेला वाचून दाखवलं. ती म्हणते, एवढं विचारायला एवढे दात कशाला खर्ची घातले? पेन मागते आहे. देतो.

ती. अक्का, नमस्कार. दातांचं सगळं खरं आहे. तुमचं लग्न झालं तेव्हा तुम्हाला धाकटी बहीण नाही म्हणून पाठराखीण म्हणून मला तुमच्याबरोबर उदगीरला पाठवलं होतं, आठवतं का? मी पहिलीत होते. बस सुटली तशी मी मोठ्यानं रडायला लागले. खरं तर त्या दिवशी रडायची पाळी तुमची होती. तुम्ही तुमचं रडणं बाजूला ठेवलंत, मला लिमलेटची गोळी दिलीत आणि उदगीर येईपर्यंत माझा हात सोडला नाहीत. या वेळी माझी पाठराखीण तुम्ही व्हा. सासर लांब नाही, विद्यानगरहून बरकतपुऱ्याला ऑटोनं दहा मिनिटं लागतात. पण तेवढा वेळ मला कुणीतरी हात धरायला हवं आहे.

तुमची
प्रमिला